ओसीटीच्या कागदावरचा हिरवा रंग कोणाच्या डोळ्यांवरून ठरला?

काचबिंदूचा संशय आला म्हणून जळगावला किंवा धुळ्याला ओसीटी, म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारी तपासणी, करून आलेल्या माणसाच्या हाती जो कागद पडतो, त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग असतात, आणि घरात तो कागद चौकातल्या सिग्नलसारखा वाचला जातो. प्रत्यक्षात ते यंत्र डोळ्याच्या पडद्यावरील मज्जातंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजते आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या नोंदींशी ती ताडून पाहते. निरोगी माणसांतील सर्वांत पातळ पाच टक्क्यांत ती जाडी बसली तर पिवळा रंग आणि सर्वांत पातळ एका टक्क्यात बसली तर लाल. याचा अर्थ, कोणत्याही एका मोजमापात शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे पाचजण पिवळ्या किंवा लाल रंगात पडणारच; रंग म्हणजे निदान नव्हे.

मग ही निरोगी माणसे कोण? ओसीटीचे तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाले. पुढे बाजारात आलेल्या सिरस या प्रसिद्ध यंत्राची मूळ तुलनासूची २८४ निरोगी व्यक्तींच्या नोंदींवर उभी आहे आणि त्यांत भारतीय वंशाचे लोक अगदी मोजके होते. थराची जाडी वयाप्रमाणे घटते, डोळ्याच्या लांबीप्रमाणे बदलते आणि वंशागणिकही तिच्यात फरक आढळतो. मोठा उणे नंबर असलेल्या माणसाचा डोळा लांब असतो, त्यामुळे आजार नसतानाही त्याचा कागद लाल येऊ शकतो. याच्या उलट, ज्याचा थर मुळात जाड होता त्याचे बरेच तंतू गेल्यावरही कागद हिरवाच राहू शकतो, आणि मला ही दुसरी फसवणूक अधिक घातक वाटते, कारण लाल रंग पाहून माणूस निदान पुन्हा तपासणीला तरी जातो.

म्हणून माझे मत असे आहे की डोळ्यांच्या प्रतिमांवरील संशोधनात खानदेशातील धडधाकट माणसांनी आपणहून सहभागी व्हावे. ‘मन्हा डोया बेस शेतस, मंग कसाले दखाडू?’ (माझे डोळे चांगले आहेत, मग कशाला दाखवू?) हा अहिराणीतला प्रश्न रास्त आहे, पण संशोधकाला नेमके तेच बेस डोळे हवे असतात. ग्रामीण माणूस अशा कामाला येत नाही, ही सबबही मला पटत नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००९ या काळात झालेल्या मोठ्या नेत्रपाहणीत तीस वर्षांवरील ४,७०० हून अधिक लोक सहभागी झाले होते. रुग्णालयातील कर्मचारी, वैद्यकीय विद्यार्थी आणि रुग्णासोबत आलेले नातेवाईक एवढ्यांवर नमुना भागवणे सोपे असते. मात्र त्यात उन्हात कापूस वेचणारी पन्नाशीची बाई येत नाही, आणि काचबिंदू रुग्णाचा सख्खा भाऊ तर आनुवंशिकतेमुळे बहुधा वगळावाच लागतो.

निरोगी कोणाला म्हणायचे, हेही आपल्याकडे आधी नीट ठरवावे लागेल. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो आणि तो डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांना इजा करू शकतो. केवळ वाहक असलेल्या, म्हणजे आजार नसून त्याचे जनुक बाळगणाऱ्या, व्यक्तीला निरोगी गटात घ्यायचे की वेगळ्या गटात, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवले पाहिजे. रक्तातील साखर न तपासता कोणालाही निरोगी ठरवणे तर व्यर्थच.

सहभागी व्हावे असे मी म्हणतो ते डोळे मिटून मात्र नव्हे. ओसीटीत सुई नाही, वेदना नाही, प्रकाशही सौम्य असतो. पण बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणजे मोटारसायकल चालवत रावेरला किंवा शहाद्याला परतणे नको. त्या दिवसाची मजुरी बुडते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते, फक्त ती रक्कम आमिष ठरता कामा नये. संमतीपत्र प्रमाण मराठीत छापून अंगठा घेणे मला मान्य नाही; ते अहिराणीत आणि पावरीत समजावून सांगणारा माणूस तेथे बसलेला असावा. तपासणीत अनपेक्षित आजार सापडला, तर तो कोण सांगणार आणि पुढचे उपचार कोठे होणार, हेही सही करण्यापूर्वीच कळले पाहिजे.

प्रतिमेचे पुढे काय होणार, हा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे. नुसत्या पडद्याच्या छायाचित्रावरून माणसाचे वय आणि लिंग ओळखणारी संगणकीय पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. नाव पुसले म्हणजे ओळख पुसली, असे आता सहज म्हणता येत नाही. प्रतिमा एखाद्या कंपनीला द्यायच्या असतील तर त्यासाठी वेगळी संमती घ्यावी आणि ती नाकारणाऱ्यालाही अभ्यासात राहू द्यावे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे त्यांनी असे काम एकत्र हाती घ्यायला हरकत नसावी. वेळ मात्र लोकांच्या सोयीने निवडावी. पेरणीत आणि कापूस वेचणीत कोणी फिरकणार नाही आणि मे महिन्यातील उन्हात थेंब घालून माणसे बाहेर पाठवणे बरे नव्हे. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली सातपुड्यातील कुटुंबे होळीला गावी परततात. धडगाव आणि अक्कलकुवा भागासाठी तो आठवडा धरावा, भोंगऱ्या बाजाराचे, म्हणजे होळीच्या सुमारास भरणाऱ्या आदिवासी बाजारांचे, दिवस तेवढे सोडून.