दातांची बावीस तासांची ड्युटी

माझे पुढचे दात वाकडे आहेत हे माझ्याशिवाय कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. दात सरळ करून घेणार असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा नवरा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "कुठला?" आई म्हणाली, "इतकी वर्षं खपले ना? आता कोणाला दाखवायचेत?" मुलगी तेवढी खूश झाली. तारा लावण्याची पाळी घरात आपल्या एकटीवरच येणार नाही, असं तिला वाटलं. पण मी तारा लावणारच नव्हते. मी क्लिअर अलाइनर लावणार होते. म्हणजे दातांवर बसणारे, एकामागून एक बदलायचे प्लास्टिकचे ट्रे. पारदर्शक, काढता-घालता येणारे, कोणाला न दिसणारे. न दिसणाऱ्या दुखण्यावर न दिसणारा उपाय! इतका नेमका जोड जमल्यावर माणूस पाकीट उघडतोच.

ऑर्थोडॉन्टिस्ट बाईंनी तोंडात छोटा कॅमेरा फिरवला आणि पडद्यावर माझे दात आले. नुसतेच दात. ओठ नाहीत, गाल नाहीत, मी नाही. बाईंनी बटण दाबलं, तसे ते गुलाबी हिरड्यांतून गुपचूप सरकत काही सेकंदांत रांगेत उभे राहिले. त्या चित्रफितीत कोणी काही खात-पीत मात्र नाही.

कारण नियम असा, की ट्रे दिवसाचे २० ते २२ तास तोंडात हवा. म्हणजे हातात राहिले दोन तास, फार तर चार. त्यात न्याहारी, दोन जेवणं, चहा, आणि प्रत्येक वेळी ट्रे परत घालण्याआधी ब्रश. ट्रे असताना फक्त साधं पाणी प्यायचं. चहाने प्लास्टिक पिवळं पडतं, कढत पेयाने त्याचा आकार बिघडू शकतो, आणि गोड काही आत शिरलं तर ते दातालाच चिकटून राहतं, कारण एरवी ते धुऊन काढणारी लाळ तिथे नीट पोचत नाही. म्हणजे दात सरळ होतील, पण किडके.

माझं निम्मं खाणं जेवण नव्हतंच, हा शोध मला या काळात लागला. ते जाता-येता होतं. डबा उघडला म्हणून, कोणी पुढे केलं म्हणून, फोन वाजत होता म्हणून. आता चिमूटभर काही तोंडात टाकायचं तर आधी हात धुवा, मागच्या दाढेपाशी नख घालून ट्रे सोडवा, डबीत ठेवा, खा, चूळ भरा, ब्रश करा, ट्रे धुवा, पुन्हा बसवा. एवढ्या लायकीचे पदार्थ जगात फार थोडे आहेत. वजन उतरलं. लोकांनी विचारलं, कोणतं डाएट? मी दात दाखवले.

स्वयंपाक करताना चव घेण्याचा अधिकार गेला, हे मला सगळ्यात लागलं. मीठ बघायची जबाबदारी नवऱ्यावर आली. त्याचा शेरा कायम एकच असे, "चालेल." आळणी असलं तरी चालेल, खारट असलं तरी चालेल.

सावकाश जेवणाऱ्या माणसांबद्दल मला पूर्वी आदर होता. आता त्यांच्या पंक्तीला बसले की माझं लक्ष घड्याळाकडे. समोरचा घास हातात धरून जुनी आठवण सांगतोय आणि माझ्या दोन तासांतली मिनिटं त्याच्या बालपणात चालली आहेत! गप्पा रंगल्या की मी उठते, बेसिनवर जाते आणि अनोळखी माणसांच्या शेजारी उभी राहून भर दुपारी दात घासते. लोक आदराने सरकून जागा देतात. काहीतरी गंभीर असावं, असं त्यांना वाटतं.

'न दिसणारे' याबद्दलही थोडं बोलायला हवं. ट्रेला दातावर पकड मिळावी म्हणून दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. ट्रे निघता निघत नाही तो त्यांच्यामुळेच. ऑफिसात जेवणाच्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी जबड्याशी झटापट करते. ट्रे सुटला की लाळेची एक लांबलचक तार त्याच्यामागून येते, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणीतरी विचारतं, "जेवायला येताय ना?"

बोलण्याचं तर विचारूच नका. त, थ, द, ध, न हे दंत्य वर्ण, जीभ दातांना टेकवून म्हणायचे, असं शाळेत पाठ केलं होतं. माझी जीभ दातांपर्यंत पोचायच्या आतच प्लास्टिकला अडते. आणि स म्हटला की शिट्टी. पहिल्या आठवड्यात फोनवर स्वतःचं नाव सांगायचं मी टाळलं, कारण त्यात दोन स आहेत. मग जीभ शहाणी झाली. जीभ शिकते, तक्रार करत नाही. हा गुण बाकीच्या घरात नाही.

नवा ट्रे रात्री झोपताना घालायचा, म्हणजे सुरुवातीची ठणक झोपेत निघून जाते, असा सल्ला असतो. झोप ठणकेमुळेच लागत नाही, त्याचं काय? प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो, आणि पाव मिलिमीटरला एवढा आरडाओरडा शोभत नाही हे मला मान्य आहे. पण आत काय चाललेलं असतं ते वाचल्यापासून मी दातांना माफ केलंय. दाब पडतो त्या बाजूचं हाड ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी खातात, आणि दात सरकून मागे ताण पडतो तिथे ऑस्टिओब्लास्ट नवं हाड घालतात. म्हणजे भाडेकरू आत राहत असतानाच एका टोळीने पुढची भिंत पाडायची आणि दुसरीने मागे बांधत यायचं. झोप कशी लागणार?

अशाच एका जागरणात, ही कल्पना मुळात सुचली कोणाला ते मी शोधलं. दात एकामागून एक अशा साच्यांनी सरकवता येतील, असं हॅरोल्ड केसलिंग या ऑर्थोडॉन्टिस्टने १९४५ मध्येच मांडलं होतं, पण दर टप्प्याला मेणात हाताने दात रचत कोण बसणार? ते काम पुढे संगणकाने उचललं. १९९७ साली झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या स्टॅनफर्डमध्ये व्यवस्थापन शिकलेल्या दोघांनी अलाइन टेक्नॉलॉजी ही असे अलाइनर बनवणारी कंपनी काढली. दोघंही दंतवैद्य नव्हेत. चिश्तींनी स्वतः मोठेपणी तारा लावल्या होत्या. नंतरचा रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, काही दिवस घातला नाही की दात हलतात आणि पुन्हा घातला की जागेवर येतात, हे त्यांना आपल्याच तोंडात दिसलं. माझ्या तोंडात काय काय झालं, पण एकही कंपनी सुचली नाही.

शेवटचा ट्रे संपत आला तेव्हा सगळे दात जागेवर पोचले होते. एक सोडून. वरचा, डावीकडचा, सुळ्याच्या अलीकडचा. ट्रेची कड आणि तो यांच्यात फट दिसत होती. डॉक्टरांनी चावायला रबरी नळकांडं दिलं, त्याला च्युई म्हणतात. मी चावत राहिले, तो हलला नाही. "हा ऐकत नाहीये," डॉक्टर म्हणाल्या. मग पुन्हा स्कॅन, आणि नव्या ट्रेंचा आणखी एक संच. त्याला रिफाइनमेंट असं सुसंस्कृत नाव आहे. "आणि त्यानंतर?" "त्यानंतर रिटेनर, रोज रात्री." "किती दिवस?" "दात सरळ हवेत तोवर."

घरी येऊन मी हे सांगितलं, तर कोणी फारसं हळहळलं नाही. मधल्या काळात नवऱ्याला मिठातलं कळायला लागलंय. आता शेरा येतो, "जरा कमी आहे," आणि परवापासून, "लिंबू पिळलं असतंस तर?" ते पद तो आता सोडेल असं दिसत नाही.