खाट कोणाला द्यायची, हे आधी लिहून ठेवा

एप्रिल 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, नागपुरातली एक बातमी घराघरांत फिरली. 85 वर्षांच्या एका गृहस्थांनी रुग्णालयातली आपली खाट ‘एखाद्या तरुणाला द्या’ म्हणून सोडली, घरी गेले आणि थोड्याच दिवसांत वारले. बातमी खरी की सजवलेली, यावर भरपूर भांडण झालं. खरी असेल तर ती चांगली गोष्ट आहे का, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही.

त्याच्या वर्षभर आधी, मार्च 2020 च्या अखेरीस, वेल्समधल्या एका दवाखान्यानं आपल्या गंभीर आजारी रुग्णांना पत्रं धाडली होती. हृदय बंद पडलं तर ते पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न नको, असा फॉर्म भरून घ्या. रुग्णवाहिका मोजक्या आहेत, त्या तरुण आणि धडधाकट लोकांसाठी लागतील, असा त्यातला मजकूर. पत्र वर्तमानपत्रांत आलं, लोक खवळले, दवाखान्याला माफी मागावी लागली.

विचार दोन्हीकडे तोच, पण एकीकडे हार घातले गेले आणि दुसरीकडे माफीनामा आला. नागपुरात आजोबा आपणहून बोलले आणि वेल्समध्ये डॉक्टरांनी विचारलं, हा फरक आहे आणि तो मोठा आहे. पण ‘आजोबांनी खाट सोडली’ हा मेसेज दहा घरांत कौतुकानं वाचला गेला, की अकराव्या घरातल्या आजोबांना खाट मागताना अपराधी वाटू लागतं. त्यागाची अपेक्षा अशीच रुजते, आणि तिला कुणाची सही लागत नाही.

इकडे ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना गावाकडून नेहमी एक टोमणा ऐकावा लागतो: तुमच्याकडे म्हाताऱ्यांना गुण देऊन बाजूला काढलं, आपल्याकडे निदान माणुसकी तरी आहे. गुण दिले गेले, हे खरं आहे. 20 मार्च 2020 ला ‘नाइस’ या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं अतिदक्षता विभागासाठी मार्गदर्शिका काढली. तिच्या केंद्रस्थानी ‘क्लिनिकल फ्रेल्टी स्केल’ ही 1 ते 9 ची मोजपट्टी होती. 1 म्हणजे ठणठणीत. 5 म्हणजे पैशांचे व्यवहार, औषधं, प्रवास, जड घरकाम यांत मदत लागणारा. 7 म्हणजे स्वतःच्या अंगाच्या सगळ्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून. 9 म्हणजे आयुष्याच्या अखेरीला आलेला. 5 किंवा त्याहून जास्त आकडा आला, की अतिदक्षतेचा खरंच उपयोग होईल का, हा प्रश्न आधी विचारायचा.

यात चूक कुठे झाली, ते बघण्यासारखं आहे. ही पट्टी म्हातारपणातली गलितगात्रता मोजायला बनवलेली. ती 65 च्या आतल्यांना लावली, की जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असलेला तिशीतला माणूस थेट 6 किंवा 7 वर जातो, त्याची फुप्फुसं कितीही दणकट असोत. ऑटिस्टिक मुलांच्या पालकांनी आणि अपंगांच्या संघटनांनी हे लगेच हेरलं, कायदेशीर कारवाईचा इशारा गेला, आणि 25 मार्चला दुरुस्ती आली: 65 च्या आतल्यांना, किंवा ज्यांचं अपंगत्व स्थिर आहे अशांना, ही पट्टी लावायची नाही. पाच दिवसांत बदल झाला, कारण चूक कागदावर होती आणि कोणालाही वाचता येत होती.

हीच पट्टी उद्या महाराष्ट्रात आणली तर आणखी एक घोळ होईल. आकडा द्यायचा तो रुग्ण आज खाटेवर कसा पडला आहे यावरून नव्हे, तर दोन आठवड्यांपूर्वी कसा होता यावरून. घाईत हे हमखास विसरलं जातं. त्यात आपल्याकडे सत्तरीतल्या कित्येक पुरुषांनी जन्मात चहा केलेला नसतो, आणि कित्येक आज्या कधी बँकेची पायरी चढलेल्या नसतात. ‘मदत लागते का?’ असं विचारलं की सून ‘हो’ म्हणणार, आणि ठणठणीत माणसाला 5 मिळणार. प्रश्न ‘करता का?’ असा नको, ‘करायची वेळ आली तर जमेल का?’ असा हवा.

ब्रिटनची बाजू मला फार ताणायची नाही. टंचाईत कोणाला आधी, याची देशव्यापी नियमावली इथल्या सरकारनंही जाहीर केली नाही. शिवाय मार्च 2021 मध्ये काळजी-सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या इथल्या आयोगानं सांगितलं, की हृदय पुन्हा चालू न करण्याचे पाचशेहून अधिक निर्णय रुग्णाशी किंवा नातेवाइकांशी न बोलताच नोंदवले गेले होते. तो फॉर्म फक्त छाती दाबून हृदय चालू करण्यापुरता असतो. ऑक्सिजन, सलाईन, रुग्णालयात भरती यांच्याशी त्याचा संबंध नाही. गडबडीत मात्र त्याचा अर्थ ‘यांच्यासाठी फार काही करू नका’ असा घेतला जाण्याची भीती असते.

आणि महाराष्ट्रात? नियम तिथेही होता, फक्त तो लिहिलेला नव्हता. नगरसेवकाचा नंबर, आमदाराचा पीए, ओळखीचा डॉक्टर, डिपॉझिट भरायची ऐपत, असा त्याचा क्रम. या नियमाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही, कारण तो कुठे छापलेलाच नाही. मुंबईनं यावर चांगली तोड काढली. 24 प्रशासकीय विभागांत वॉर रूम, म्हणजे नियंत्रण कक्ष, केल्या आणि खाटा तिथून वाटल्या. कोणाला घरी ठेवायचं, कोणाला जम्बो केंद्रात, कोणाला आयसीयूत, हे एका ठिकाणी ठरू लागलं. न बोलता केलेली ही क्रमवारीच होती, आणि ती फोनाफोनीपेक्षा कितीतरी न्याय्य. फक्त शेवटच्या खाटेवर दोघांचा हक्क असेल तर काय, एवढंच तिनं सांगितलं नाही.

त्याहून वाईट क्रमवारी ऑक्सिजनचा पाइप लावतो. मे 2021 मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रात्री 2 ते सकाळी 6 या वेळात माणसं दगावत होती. ट्रॉलीवरचे सिलिंडर बदलताना दाब पडायचा, हे तिथलं दुखणं. दाब पडला की आधी कोणाचा श्वास अडतो? ज्याला सगळ्यात जास्त प्रवाह लागतो त्याचा. साध्या मास्कला मिनिटाला 5 ते 15 लिटर पुरतात. नाकातून जोरानं हवा सोडणाऱ्या हाय-फ्लो यंत्रावर पूर्ण ऑक्सिजन सोडला तर 60 लिटरपर्यंत जातो. म्हणजे एका हाय-फ्लोच्या जागी 10 लिटरवाले सहा रुग्ण. हा हिशेब तंत्राचा वाटतो, पण तो सरळसरळ नीतीचा आहे. इंग्लंडमध्ये एप्रिल 2020 मध्ये रक्तातल्या ऑक्सिजनचं लक्ष्य 94-98 टक्क्यांवरून 92-96 वर आणलं गेलं. प्रत्येकाचं थोडं कमी केलं, म्हणून सगळ्यांना पुरलं. नंदुरबारच्या ‘ऑक्सिजन नर्स’ जेवताना बाजूला ठेवलेला मास्क वाया जाऊ नये म्हणून नॉब फिरवायच्या, तेव्हा त्या हेच करत होत्या.

दोघे अगदी बरोबरीचे असतील तर? ‘सोफा’ नावाची दुसरी मोजणी सहा अवयव किती बिघडलेत यावरून प्रत्येकाला 0 ते 4 गुण देते, एकूण 24; गुण जास्त म्हणजे प्रकृती जास्त गंभीर. कोविडमध्ये बहुतेकांची आधी फुप्फुसंच बिघडायची, त्यामुळे बरेच जण जवळपास सारख्याच गुणांवर यायचे. वर जुन्या मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला, रक्तात आधीपासूनच वाढलेल्या क्रिएटिनिनपायी, फुकटची शिक्षा. अशा वेळी चिठ्ठी टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 2020 मध्ये रेमडेसिविर या विषाणूविरोधी औषधासाठी सोडतीची पद्धत आखली गेली, आणि गरीब वस्तीतल्यांची व अत्यावश्यक काम करणाऱ्यांची संधी त्यात थोडी वाढवली होती. आपल्याकडे त्याच औषधासाठी एप्रिल 2021 मध्ये नातेवाईक मेडिकल दुकानांसमोर रांगा लावून उभे होते, आणि तेही जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020 मध्येच त्याच्या वापराविरुद्ध सल्ला दिल्यावर. सोडत मराठी माणसाला नवी नाही. म्हाडाचं घर, आरटीईचा प्रवेश, वॉर्डाचं आरक्षण, सगळं सोडतीनं निघतं, आणि हरलेला माणूस चिडतो पण लुबाडला गेलो म्हणत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयानं 1 जून 2021 ला म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या आजाराच्या) इंजेक्शनबाबत केंद्राला धोरण करायला सांगितलं, आणि तरुणांना प्राधान्य द्यावं असं म्हटलं. मला वय हा निकष पटत नाही, वाचण्याची शक्यता पटते. पण प्रश्न निदान मोठ्यानं विचारला गेला.

प्रत्येक जिल्ह्यात लागेल ते एवढंच: दोन पानी मराठी निकष, दारावर लावलेले. ठरवणारी तीन माणसं, त्यांतलं कोणीही त्या रुग्णावर उपचार करणारं नको. 48 आणि 120 तासांनी फेरतपासणी, जशी न्यूयॉर्कच्या 2015 च्या व्हेंटिलेटर-वाटप मार्गदर्शिकेत आहे. खाट नाकारली तर कारण लिहिलेला कागद नातेवाइकांच्या हातात. आणि डॉक्टरला कायद्याचं कवच. आपण होऊन उपचार थांबवायचे असतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2023 च्या आदेशानं नोटरी, दोन वैद्यकीय मंडळं आणि 48 तास असा रस्ता घालून दिला आहे. व्हेंटिलेटर हवा असूनही न मिळालेल्या माणसासाठी, आणि त्याला नाही म्हणावं लागलेल्या रात्रपाळीच्या डॉक्टरसाठी, असा कोणताच रस्ता अजून आखलेला नाही.