हात आवळला म्हणजे हात आला?

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लकवा झालेल्याने तुमचा हात घट्ट दाबला, की हात आला. चालायला लागला, की माणूस बरा. आणि तीन महिन्यांत आलं तेवढंच, पुढे फिजिओ म्हणजे पैसे पाण्यात. मी घरी जाऊन फिजिओ देते; हा मेसेज मला पेशंटच्या घरचेच दाखवतात.

आधी पकड. नौपाड्यातल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी माझी बोटं अशी आवळली की काकूंच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "काका, आता सोडा." सुटेनात. त्यांचं मनगट खाली वाकवलं तेव्हा कुठे बोटं सैल पडली. स्ट्रोकनंतर, म्हणजे ज्या मेंदूच्या झटक्याने लकवा होतो त्यानंतर, बोटं मिटणारे स्नायू बऱ्याचदा ताठरतात. मिटणं आधी येतं, उघडणं रखडतं. म्हणून आमच्या चाचण्यांत सोडणंही धरलेलं असतं: नऊ खुंट्या भोकांत घालून परत काढायला किती सेकंद, मिनिटभरात किती ठोकळे फळीपलीकडे टाकले. दिवसभर चेंडू दाबून उघडण्याचा सराव कसा व्हायचा?

चालणं. कोण चाललं यापेक्षा किती वेगात, ते बघा. दहा मीटरला पंचवीस सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी, तर असा माणूस सहसा घरापुरताच चालतो. गोखले रोड ओलांडणं दूरच.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला जास्त छळते. १९६५ पासून वापरात असलेला बार्थेल इंडेक्स जेवण, आंघोळ, कपडे, जिना हे स्वतःचं स्वतः जमतं का, ते विचारतो. शंभरपैकी शंभर मिळवूनही उजवा हात मांडीवर पडलेला असू शकतो, कारण सदऱ्याची बटणं डाव्याने लावली तरी गुण पूर्ण. घर चालतं, हात मात्र तिथेच. त्यासाठी १९७५ ची फुगल-मायर चाचणी वेगळी घ्यावी लागते. त्यात एकट्या हाताला ६६ गुण आहेत.

तीन महिन्यांचं म्हणाल तर सुरुवातीची सुधारणा सर्वात वेगवान असते, इतकं खरं. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्साइट अभ्यासात स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले, हातात थोडी हालचाल उरलेले रुग्ण होते. चांगला हात मोज्यात अडकवून लकव्याच्या हाताकडून कसून काम करून घेतलं, आणि तो सुधारला.

नौपाड्यातल्या काकांनी पाचव्या महिन्यात पेला टेबलावर ठेवून बोटं सोडली. अकरा सेकंद लागले. काकूंनी तारखेसकट वहीत लिहून ठेवलंय.