मास्टर्स (प्रौढांच्या) जलतरणाच्या वयोगटाविषयी खुलासा

‘मास्टर्स स्पर्धेसाठी वयाची ३५ वर्षे पूर्ण हवीत, वय स्पर्धेच्या दिवशी मोजले जाते आणि ठोकळ्यावरून सूर मारता आला नाही तर प्रवेश नाही’ असा संदेश कोल्हापुरातील पोहणाऱ्यांच्या गटांत फिरत आहे. त्यातील वयोमर्यादेचे वाक्य आमच्याच मागील सूचनेतून गेले, याबद्दल दिलगीर आहोत.

वर्ल्ड ॲक्वाटिक्स या जलक्रीडांच्या जागतिक संघटनेच्या मास्टर्स नियमावलीत आम्ही हे तपासले. वयोगट २५ वर्षांपासून, पाच-पाच वर्षांचे असतात आणि वय स्पर्धेच्या वर्षातील ३१ डिसेंबरला धरतात. म्हणजे डिसेंबरात पन्नाशी गाठणारी व्यक्ती जूनमधील स्पर्धेतही ५० ते ५४ गटातच उतरते. सांघिक शर्यतीत मात्र चौघांच्या वयाची बेरीज पाहतात.

सुराची अट तर मुळीच नाही. ठोकळ्यावरून, तलावाच्या काठावरून किंवा पाण्यात राहून भिंतीला रेटा देऊनही सुरुवात करता येते. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेल्या आणि आता गुडघेदुखीमुळे सूर टाळणाऱ्या ज्येष्ठांनी केवळ या वाक्यापायी माघार घ्यावी, हे आम्हाला फार लागले.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्यावा.