एस्पोझितो

गेले काही दिवस एक आडनाव माझ्या डोक्यातून जात नाहीये. एस्पोझितो.

सुरुवात झाली आइस हॉकीपासून. 5 डिसेंबर 1968. मॉन्ट्रियलचा नवखा गोलरक्षक टोनी एस्पोझितो पहिल्यांदाच सुरुवातीपासून गोलसमोर उभा होता. बॉस्टनने त्याच्यावर दोन गोल केले आणि दोन्ही केले त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाने, फिलने. सामना 2-2 बरोबरीत सुटला. पुढच्याच हंगामात, शिकागोकडून खेळताना, टोनीने 15 सामन्यांत समोरच्या संघाला एकही गोल करू दिला नाही. फिलने 1970-71 च्या हंगामात 76 गोल केले. कॅनडातल्या इटालियन घरातली ही दोन पोरं. मला भावांचं कौतुक वाटलं म्हणून आडनावाचा अर्थ शोधायला गेले, आणि वाचून नुसती बसून राहिले.

एस्पोझितो म्हणजे बाहेर ठेवलेला. सोडून दिलेलं मूल.

नेपल्समध्ये अनुन्झियाता नावाची जुनी धर्मादाय संस्था आहे. तिच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात फिरतं लाकडी पिंप. बाई यायची, बाळ त्यात ठेवायची, पिंप फिरवायची. आत कुणीतरी ते उचलून घ्यायचं. दोघींना एकमेकींचं तोंड दिसायचं नाही. बाळाच्या गळ्यात शिशाची मुद्रा अडकवायची, वहीत नोंद करायची आणि आडनाव लिहायचं: एस्पोझितो. ते पिंप 1875 मध्ये बंद झालं. हे आडनाव द्यायचं नाही असे आदेश त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाले होते. पण तोवर शहर एस्पोझितोंनी भरलं होतं. आजही नेपल्समधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव हेच.

संस्थेने जीव वाचवले, हे मी मान्य करते. भिंतीतला तो कोनाडा नसता तर ती बाळं उकिरड्यावर मिळाली असती. तरीही माझा राग जात नाही. बाळ सोडायची वेळ आईवर आणली गरिबीने नाहीतर अब्रूच्या धाकाने. बाप तर कुठे दिसतच नाही. आणि शिक्का जन्मभरासाठी बसला तो ज्याने काहीच केलं नाही त्या पोरावर. त्याच्या मुलांवर, नातवंडांवरही. रोममध्ये असंच प्रोयेत्ती, म्हणजे टाकलेला. फ्लॉरेन्सने निदान इनोचेन्ती म्हटलं, निष्पाप. शब्द निवडणाऱ्याच्या हातात किती असतं बघा.

आणि हेच नाव घेऊन माणसं कुठे कुठे गेली! 1889 मध्ये राणी मार्गारितासाठी पिझ्झा केल्याची गोष्ट ज्याच्या नावावर सांगतात तो राफाएले एस्पोझितो (इतिहासकार त्या गोष्टीवर शंका घेतात, ते असो). अमेरिकन मालिकांमधला तो थंड नजरेचा खलनायक, जियानकार्लो एस्पोझितो: जन्म कोपनहेगनचा, वडील नेपल्सचे, आई आफ्रिकन-अमेरिकन ऑपेरा गायिका. तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो. हल्ली इंटर मिलान या फुटबॉल संघाकडून खेळणारा पिओ. अटलांटिक ओलांडताना उच्चारही बदलला. इटलीत जोर 'पो'वर, अमेरिकेत 'झि'वर.

हे वाचताना मला सतत साताऱ्याच्या नकुशा आठवत होत्या. मुलगाच हवा होता म्हणून मुलीचं नावच नकुशा, नकोशी. ऑक्टोबर 2011 मध्ये तिथे समारंभ करून 280 हून जास्त मुलींना नवी नावं दिली गेली. कुणी म्हणेल, नेपल्सवाल्यांनी नाव टिकवून त्याचा अर्थ पुसला, या मुलींनीही तेच करायचं. मला हे अजिबात पटत नाही. एस्पोझितोचा अर्थ तिथे पिढ्यान् पिढ्या झिजून गेला. 'नकुशा' मात्र रोज शाळेच्या हजेरीत, सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत, मोठ्याने हाक मारली जाते. ते नाव बदललंच पाहिजे, आणि आजच.

आणि पुण्यातलं एक घर आठवत होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे एका ब्राह्मण विधवेला झालेलं मूल त्यांनी पुढे दत्तक घेतलं. आडनाव दिलं स्वतःचं. मुलगा डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांना उचलून आणत होत्या ते त्याच्याच दवाखान्यात. यशवंत फुले.