जड पाकीट, हलकं पाकीट

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफ मित्राच्या दुकानात बसून मी तीन पाकिटांचं सोन्याच्या काट्यावर वजन करून घेतलं. तो म्हणाला, "भावा, लोक मंगळसूत्र घेऊन येतात, तू चॉकलेटचे कागद घेऊन आलास व्हय?"

चॉकलेट नव्हतं. पोकेमॉनच्या कार्डांची पाकिटं होती, १९९९ सालची, आजवर न फोडलेली.

माझा आतेभाऊ तेव्हा कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेत गेला होता. त्या दिवाळीला आला तेव्हा त्यानं अशी पाच पाकिटं आणली. तिकडं पोरं याच्यासाठी वेडी झालीत म्हणाला. इकडं आम्हाला पोकेमॉन हा खायचा पदार्थ आहे की प्यायचा, तेही माहीत नव्हतं. कार्टून आपल्याकडं आलं २००३ मध्ये. दोन पाकिटं फोडली, त्यातल्या एका कार्डाच्या बदल्यात वर्गातल्या पोरानं डब्ल्यूडब्ल्यूएफचं एक ट्रम्प कार्डसुद्धा दिलं नाही, आणि उरलेली तीन आईनं ट्रंकेत टाकली. ती टिकली ती अशी, आमच्या दुर्लक्षामुळं. जपून वगैरे कुणी ठेवली नव्हती. या छंदात हे जुनंच आहे म्हणा. अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीनं १९५२ ची न खपलेली बेसबॉल कार्डं १९६० मध्ये चक्क अटलांटिक समुद्रात नेऊन टाकली होती. त्याच मालिकेतलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. कचरा म्हणून टाकलेल्या मालाचीच पुढं किंमत होते.

२०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात खालच्या खोलीत पाणी होतं. ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. गाळ काढताना कुणाला कार्डांची आठवणही नव्हती. आत्ता या उन्हाळ्यात माळा साफ करताना पोरीला ती सापडली आणि घरात वाद सुरू झाला. ती आठ वर्षांची आहे. तिचं एकच, "पप्पा, मी फोडतो." (आमच्याकडं पोरीही 'फोडतो'च म्हणतात, बाहेरगावच्यांनी दचकू नये.) बायकोनं मोबाईलवर किमती बघितल्या आणि पाकिटं तिच्या हातातून काढून कपाटात ठेवली. असं एक बंद पाकीट आज कित्येक हजारांना जातं.

आता हिशोब बघा. आमची पाकिटं पोकेमॉन कार्डांच्या पहिल्या संचातली, त्या संचात १०२ कार्डं. पाकिटात ११: एक दुर्मीळ, तीन मधली, पाच साधी आणि दोन एनर्जी. दुर्मीळ कार्ड चमकणारं निघायचं प्रमाण साधारण तीन पाकिटांत एक. चमकणारी कार्डं १६, त्यातलं सगळ्यांना हवं असलेलं चारिझार्ड एक. म्हणजे साधारण ४८ पाकिटांमागे एक चारिझार्ड. खोक्यात पाकिटं ३६. अख्खा खोका फोडला तरी खात्री नाही, आणि आम्ही तिघं तीन पाकिटांवरून भांडत होतो. बंद पाकिटाला जी किंमत येते ती आतल्या मालाची नसते, 'असेल कदाचित' याची असते. फोडलं की बहुतेक वेळा आतून काहीशे रुपयांचा पुठ्ठा निघतो.

पण मग हा काटा आला. चमकणाऱ्या कार्डात फॉइलचा थर असतो, त्यामुळं ते पाकीट किंचित जड भरतं. फरक ग्रॅमच्याही अंशाचा, पण सराफाच्या काट्याला तेवढा पुरतो. लोकांनी हे फार पूर्वी ओळखलंय. जड पाकिटं वेगळी काढायची, जास्त भावानं विकायची किंवा स्वतः फोडायची, आणि हलकी बाजारात सोडायची. 'न फोडलेलं, काय निघेल सांगता येत नाही' म्हणून! विकणाऱ्याला नक्की माहीत असतं काय निघणार नाही. याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात. वजन केलं असेल तर तसं सांगा, भाव कमी लावा, विषय संपला.

मित्राला हे सगळं समजावून सांगितलं. तो काट्यावरचा आकडा बघत म्हणाला, "म्हणजे फोडलंसच की. कात्री लावली नाहीस एवढंच."

त्या वाक्यानं माझं मत ठरलं. दोन हलकी होती, एक जड.

बंद ठेवा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, विकणार आहात का? विकणार असाल तर बंद ठेवा, तो धंदा आहे, धंद्याला नावं ठेवायचं कारण नाही. विकणारच नसाल तर ते कपाटात ठेवून नक्की काय राखताय? शिवाय बंद म्हणजे अस्सल असंही नाही. लोगन पॉल नावाच्या यूट्यूबरनं ३५ लाख डॉलर देऊन याच संचाच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा खोक्यांची सीलबंद पेटी घेतली. २०२२ च्या जानेवारीत कॅमेऱ्यासमोर फोडली तर आतून जी. आय. जो या दुसऱ्याच कार्टूनची कार्डं निघाली. त्यानं फोडली नसती तर ती पेटी अजून 'अस्सल' म्हणून हातोहात फिरली असती. आपण गंगावेशीत म्हैस डोळ्यासमोर पिळून घेऊन दूध पिणारी माणसं. आपण कधीपासून झाकणावर भरवसा ठेवायला लागलो?

तर हलक्यातलं एक पोरीला दिलं. तिनं वरची कड धरून ओढली, फाटेना, शेवटी दातानं. बायको तेवढ्यात चहा ठेवायला आत गेली, तिला बघवत नव्हतं. नव्या वहीसारखा वास आला, सव्वीस वर्षं कोंडलेला. पोरगी एकेक कार्ड सतरंजीवर मांडत गेली. दुर्मीळ निघालं बीड्रिल, न चमकणारं. "ही तर गांधीलमाशी," म्हणाली आणि तेच तिला सगळ्यात आवडलं. मी भिंग घेऊन बघितलं तर डावीकडची पिवळी कड उजवीपेक्षा जाड, छापतानाच सरकलेलं. ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीकडं पाठवलं असतं तर दहापैकी दहा कधीच मिळाले नसते, भले या कार्डाला आजवर माणसाचा हात लागला नव्हता. हेही पाकीट सांगत नाही. आतलं कार्ड कोरं असतं, निर्दोष असेलच असं नाही.

दुसरं हलकं तिच्या वाढदिवसाला फोडायचं ठरलंय.

राहिलं जड. माझ्याच न्यायानं तेही त्याच दिवशी फोडायला हवं होतं, आणि मी कात्री घेतलीही होती. पण पोरीनं तोवर आतेभावाला व्हिडिओ कॉल लावून गांधीलमाशी दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "अरे, मी पोरांना दिली होती ती. तू काटे कसले लावत बसलास?" येत्या दिवाळीला तो येतोय, जड त्याच्यासमोर फोडायचं. बायकोचं मत अजून वेगळं आहे, ते इथं लिहीत नाही.

तोवर ते ट्रंकेत. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलंय, म्हणून काल ट्रंक माळ्यावर आणखी एका पाटावर चढवली.