मांजराच्या शुगरवर कारलं, लंघन आणि लाल टोपीची सुई

‘मांजराला शुगर निघाली? घाबरू नका, इंजेक्शन टाळा!’ असा एक संदेश गेले काही दिवस इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. रामबाग, सुदामा नगर, तिलक नगर, सगळीकडे तोच मजकूर आणि खाली जोडलेले हात. परवा तो शेजारच्या काकूंकडे पोचला. त्यांच्या नऊ वर्षांच्या बोक्याला आठवड्यापूर्वीच मधुमेह निघालाय. काकूंनी त्याच संध्याकाळी अर्धा किलो कारली आणली. म्हणून हे लिहिणं आलं.

संदेशात सात गोष्टी आहेत. दवाखान्यात शुगर नेहमी जास्तच येते, मानू नका. इन्सुलिन एकदा सुरू झालं की जन्मभर सुटत नाही. आधी पंधरा दिवस कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी द्या. घरात कुणाला शुगर असेल तर त्याच्या गोळीचा पाव तुकडा चालतो. आठवड्यातून दोन दिवस लंघन. मांस उष्ण, ते बंद करून मऊ भात नि मुगाचं वरण. आणि इन्सुलिन द्यायचीच वेळ आली तर मेडिकलमधून कुठलंही आणा, सुई कुठलीही वापरा, ‘सगळं एकच असतं’.

शेवटून सुरुवात करू. बाकीच्या बहुतेक चुकांना नुकसान करायला दिवस-आठवडे लागतात, या चुकीला एक संध्याकाळ पुरते.

सगळं एकच नसतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये माणसांच्या इन्सुलिनच्या ज्या साध्या बाटल्या मिळतात त्यांतल्या बऱ्याचशा ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. मांजरांना बहुतेक वेळा लिहून दिलं जातं ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन १०० चं असतं, एका मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली लाल आणि केशरी सारखेच दिसतात, तेव्हा टोपीवर जाऊ नका, नळीवर छापलेला आकडा वाचा. आता हिशोब बघा. ४० च्या सिरिंजवर एका युनिटची रेघ म्हणजे ०.०२५ मिली. तेवढ्याच जागेत १०० च्या बाटलीतलं औषध भरलं तर ते अडीच युनिट होतं. डॉक्टरांनी सांगितलं एक, गेलं अडीच. चार किलोच्या मांजराला हे फार झालं. उलटा घोळही होतो: ४० ची बाटली आणि १०० ची सिरिंज, मग एका रेघेत ०.४ युनिटच जातं, शुगर हलत नाही आणि घरचे आपल्या मनाने डोस वाढवत बसतात. पुढे कुणीतरी बरोबर सिरिंज आणून देतं आणि तोच वाढलेला डोस पूर्ण जातो.

आणखी एक. १ मिलीच्या १०० वाल्या बऱ्याच सिरिंजांवर एक रेघ दोन युनिटची असते, त्यात एक युनिट म्हणजे नजरेचा अंदाज. ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघांची सिरिंज मागा. कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल तर दवाबाजारात विचारा किंवा मागवून घ्या. ‘३०/७०’ लिहिलेलं मिश्र इन्सुलिन आजोबांचं शिल्लक आहे म्हणून मांजराला देऊ नका. मांजरात ते शुगर झटकन उतरवतं आणि बारा तास पुरत नाही, म्हणजे आधी धोका आणि मग पुन्हा चढलेली शुगर.

डोस जास्त गेला की काय होतं? मांजर लटपटतं, एकटक बघत राहतं, मान डुलते, कधी एकदम भुकेलं होतं, कधी पलंगाखाली जाऊन बसतं. पुढची पायरी झटके. खाऊ शकत असेल तर ताबडतोब खायला द्या. खात नसेल किंवा झटके येत असतील तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळा. घशात ओतू नका, फुप्फुसात जाईल, आणि झटक्यात बोट दातांच्या मध्ये ठेवू नका. मग थेट दवाखाना. जरा उभं राहिलं म्हणून ‘बरं वाटलं’ समजून घरी थांबू नका, इन्सुलिन अजून अंगात असतं. पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आता लंघन. माणसाला एकादशी चालते, मांजराला नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस नीट जेवलं नाही की अंगातली चरबी एकदम यकृतात येऊन साचते, डोळ्यांचं पांढरं नि हिरड्या पिवळ्या पडतात, आणि मग नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं. मधुमेही मांजरात दुसरी गोष्टही चालू असते: इन्सुलिन नसल्यामुळे पेशींना साखर मिळत नाही, शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास, उलट्या, अन्नाकडे पाठ, कोपऱ्यात गळून पडणं. हे दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लघवीतली साखर आणि कीटोन दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात. पहिल्या महिन्यात एक डबी घरात असलेली बरी. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो तेही आजच विचारून फोन नंबर फ्रिजवर लावा.

वजन उतरवायचंच असेल तर ते डॉक्टरांबरोबर ठरवून, आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास. सहा किलोच्या बोक्यात हे ६० ग्रॅम होतात. बाथरूममधल्या काट्यावर ६० ग्रॅम कळत नाहीत, लहान बाळांचा किंवा पार्सलचा काटा लागतो.

‘जन्मभर सुटत नाही’ या वाक्याचा राग सगळ्यात जास्त येतो, कारण खरी गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या दुसऱ्या प्रकारासारखा असतो: स्वादुपिंड थोडंफार इन्सुलिन करत असतं, शरीर त्याला दाद देत नाही. रक्तातली साखर सतत चढलेली राहिली की ती साखरच त्या उरलेल्या पेशींना मारक ठरते. बाहेरून इन्सुलिन दिलं, शुगर खाली आणली की त्या पेशींना उसंत मिळते आणि काही मांजरांत त्या पुन्हा कामाला लागतात. मग इन्सुलिन कमी करत करत बंदही करता येतं. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनची कुत्र्या-मांजरांच्या मधुमेहाची मार्गदर्शिका आहे, २०१८ ची, २०२२ मध्ये सुधारलेली. तिच्यात मांजराच्या उपचाराचा गाभाच हा आहे: लवकर इन्सुलिन, सोबत कमी पिष्टाचं जेवण, आणि त्यातून इन्सुलिन सुटण्याची शक्यता. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिनचं २०१५ चं मार्गदर्शनही हेच सांगतं. म्हणजे इन्सुलिन सुटायला हवं असेल तर ते लवकर सुरू करायला हवं. संदेशातले ‘आधी पंधरा दिवस’ म्हणजे नेमके तेच दिवस वाया. या दिरंगाईत मागचे पाय कमजोर होतात, मांजर पंजावर न चालता टाचा टेकून, सशासारखं चालायला लागतं. हे दिसल्यावर ‘म्हातारा झाला’ म्हणू नका, चढलेल्या साखरेने नसा दुखावल्याचं ते लक्षण आहे.

व्यसनाची भाषा तर बंदच करा. इन्सुलिन हा शरीराचाच स्राव आहे. कमी पडतोय तेवढा भरून द्यायचा, बस.

द्यायचं कसं, ते काकूंसारख्या सुईला घाबरणाऱ्यांसाठी. सुरुवातीचा डोस डॉक्टर ठरवतात. बहुतेक मांजरांत तो दर बारा तासांनी एक युनिटच्या आसपास असतो. आधी जेवण समोर ठेवा, खायला लागलं की सुई. न जेवता कधीच पूर्ण डोस नाही, फोन करा. ग्लार्जिनची बाटली हलवू नका, त्यात काही मिसळू नका, गढूळ दिसलं तर फेका. बरगडीच्या किंवा कमरेच्या बाजूची कातडी चिमटीत तंबूसारखी उचला, सुई त्या तंबूच्या पायथ्याशी आडवी घाला, दट्ट्या दाबा, काढा. रोज जागा थोडी बदला. स्पिरिटची गरज नाही, वासानेच मांजर पळतं. मग त्या जागेवरून बोट फिरवा. केस ओले लागले तर सुई कातडीतून आरपार जाऊन औषध बाहेर सांडलंय. अशा वेळी पुन्हा डोस देऊ नका, किती आत गेलं हे कुणालाच माहीत नसतं. एक वेळ चुकली तर शुगर जराशी चढेल, दोनदा गेलं तर मांजर जाऊही शकतं.

एकत्र कुटुंबात खरी भीती हीच. सूनबाईंनी सातला दिलं, सव्वासातला आजोबांनी ‘विसरली असेल’ म्हणून दिलं. फ्रिजवर कागद लावा, तारीख, वेळ, डोस, कुणी दिला. बाटली फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. बर्फाच्या खाली गोठली तर वाया, मे महिन्यात ओट्यावर राहिली तरी वाया. उघडल्यावर कंपनी २८ दिवस सांगते, तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

भात आणि मुगाच्या वरणावर फार बोलायला नको. साखर बंद आणि भात चालू, हा विनोद आहे. मांजर मुळात मांसाहारी प्राणी, पिष्टमय अन्न हाताळायची त्याच्या यकृताची ताकद कमीच. गोड चवीचा तर प्रश्नच येत नाही. ती ओळखणारं जनुक मांजरात निकामी आहे, हे २००५ च्या संशोधनात स्पष्ट झालं. त्याला जिलबीतलं तूप कळतं, पाक नाही. वर टॉरिन हे मांजराला लागणारं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, ते नसेल तर डोळे आणि हृदय जातं. कोरडे दाणे बांधायलाच पिष्ट लागतं, म्हणून ओलं, डब्याचं किंवा पाऊचमधलं, भरपूर प्रथिनांचं अन्न चांगलं. घरी उकडलेलं कोंबडीचं मांस चार दिवस चालेल, कायमचं नाही, त्यात कॅल्शियम पुरत नाही. कांदा-लसूण अजिबात नको, रश्श्यातसुद्धा नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. इथे एक मेख आहे. इन्सुलिन चालू असताना भात-दाणे बंद केले की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते आणि कालचा डोस आज जास्त होतो. म्हणून अन्न आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, डॉक्टरांना आधी सांगा, शुगर बघत राहा.

कारलं, मेथी: मांजराला कडू रस पाजला की फेस, लाळ, पळापळ, आणि मग दोन दिवस भांड्याकडे फिरकत नाही. न जेवलेल्या मधुमेही मांजराचं काय होतं ते वर सांगितलंच.

आजोबांच्या गोळीत मात्र नाइलाजाने थोडं कबूल करायला हवं. मांजरांसाठी गोळ्या-औषधं नाहीतच असं नाही. ग्लिपिझाइड या माणसांच्या शुगरच्या गोळीने काही मांजरांना गुण येतो, बऱ्याच मांजरांना येत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन आणि ऑगस्ट २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिन खास मांजरांसाठी मंजूर झालं. पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, इतर बाबतीत धडधाकट मांजरांपुरती, आणि त्यात शुगर नॉर्मल दिसत असतानाही कीटोनचा अपघात होऊ शकतो. ‘त्याच जातीची’ माणसांची गोळी ब्लेडने चार तुकडे करून देणं म्हणजे हा धोका देखरेखीशिवाय घरी आणणं. नुसत्या मेटफॉर्मिनने मांजराची शुगर आटोक्यात येत नाही. ग्लिमेपिराइडने ती कोसळू शकते.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य. पिंजऱ्यात कोंबलेलं, कुत्र्यांच्या रांगेत बसलेलं निरोगी मांजरसुद्धा भीतीने ३०० च्या पुढे जाऊ शकतं. म्हणूनच नुसत्या एका आकड्यावर निदान करू नये. फ्रुक्टोसामाइनची तपासणी मागच्या साधारण दोन आठवड्यांची सरासरी सांगते, घाबरण्याचा तिच्यावर परिणाम नाही. घरी शांत असताना घेतलेल्या लघवीत वारंवार साखर येणं हीही साक्ष. पाणी मोजा: भांड्यात सकाळी किती, रात्री किती उरलं. किलोमागे दिवसाला ५० मिलीच्या वर जात असेल तर काहीतरी आहे. लघवीला मुंग्या लागतात का, तेही बघा हवं तर. पण मुंग्या नाहीत म्हणून मधुमेह नाही, असं धरू नका.

घरी मोजायचं तर कानाच्या कडेला. कान कोमट कापडाने शेकायचा, मागे कापूस धरायचा म्हणजे स्वतःचं बोट टोचत नाही, कडेवर एक टोचणी, एक थेंब. माणसांचं मशीन मांजरात आकडा जरा कमी दाखवतं, त्यामुळे दरवेळी तेच एक मशीन वापरा आणि चढ-उतार बघा. डॉक्टर ‘कर्व्ह’ सांगतील, म्हणजे बारा तास दर दोन तासांनी एक आकडा. त्यातला सगळ्यात खालचा ८० ते १५० च्या दरम्यान हवा. ८० च्या खाली गेला तर डोस जास्त होतोय. एका आकड्यावरून डोस हलवायचा नाही, बदल केल्यावर निदान आठवडाभर थांबायचं, फक्त शुगर फार खाली गेली तर नाही थांबायचं.

आणि मांजर टुणटुणीत दिसू लागलं, पाणी कमी झालं, की इन्सुलिन आपणहून बंद करायचं नाही. ते डॉक्टरच कमी करत आणतात, आकडे काही आठवडे खाली टिकले तर. सुटल्यानंतरही आठवड्यातून एकदा लघवीची पट्टी बघायची आणि खाजेसाठी कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर आधी सांगायचं की याला मधुमेह होता, कारण त्या एका इंजेक्शनने तो परत येऊ शकतो.